धोंडमगर: प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आमच्या व्हिडिओ गेममधल्या काळवी नदीत एक मोठा शिकारी हवा, हे आज नक्की झालं. आमच्या खेळातला नायक होडीवाला आहे. टपाल, धान्य, औषधं, कधी एखादं आजारी माणूस, असं सगळं तो या काठावरून त्या काठावर नेतो. आत्तापर्यंत त्याला भीती होती ती फक्त पाण्याच्या ओढीची. आमच्या चित्रकाराने रेखाटनं आणली होती: पंखांचा सर्प, सहा पायांची घोरपड, आणि साधी मगर, पण अवाढव्य. मी मगर निवडली. बाकीची दोन खेळातली जनावरं आहेत हे पाहताक्षणी कळतं. मगर पाहिली की ज्याने कधी गढूळ डोहात पाय घातलाय त्याच्या पोटात गोळा येतो. ती भीती आम्हाला नव्याने घडवावी लागत नाही.

नाव ठेवलं धोंडमगर.

अद्भुत जगाच्या खेळांत अशा जनावरांना बहुधा एकच काम दिलेलं असतं. गुहेच्या तळाशी बसायचं, खेळणारा आला की उठायचं, डोक्यावरची, उरलेला जीव दाखवणारी लाल पट्टी संपली की मरायचं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात १९८३ साली आलेला टरास्क घ्या. शहरं गिळणारा, जवळजवळ अमर असा राक्षस. पण त्याचं नाव ज्या दंतकथेतून आलं ती दक्षिण फ्रान्समधल्या, ऱ्होन नदीकाठच्या तारास्काँ गावची आहे. तिथला प्राणी त्या नदीचा आहे, आणि संत मार्था त्याला शांत करून गावात घेऊन येते. खेळाने जनावर उचललं आणि नदी मागे ठेवली. मला नदी हवी आहे.

म्हणून पूर्ण प्रकल्पात एक गोष्ट सोडायची नाही: धोंडमगर खेळणाऱ्यासाठी ताटकळत बसलेली नसेल. तिचा स्वतःचा दिवस असेल, आणि होडीवाल्याला त्या दिवसातून वाट काढावी लागेल.

१९ जानेवारी

लांबीवरून बराच वाद. नकाशे बांधणाऱ्याला २० मीटर हवी होती, पुलाच्या कमानीखालून जाताना अंग संपता संपू नये इतकी. मी हिशोब मांडला. नीट मोजमाप झालेल्या मगरींतली एक प्रचंड मगर म्हणजे फिलिपाइन्समधला लोलाँग. खाऱ्या पाण्यातल्या जातीचा नर, २०११ साली बुनावन भागात पकडलेला, लांबी ६.१७ मीटर, वजन १,०७५ किलो. त्याच प्रमाणात वाढवलं तर ११ मीटरला सुमारे ६ टन होतात आणि २० मीटरला ३६ टनांच्या वर. लांबी सव्वातीन पट झाली की वजन चौतीस पट होतं, पायाच्या हाडाची जाडी मात्र छेदाच्या क्षेत्रफळात साडेदहा पटच वाढते. असं जनावर काठावर चढणार नाही. काठावर न चढणारी मगर ऊन खाणार नाही, अंडी घालणार नाही, आणि मला जे दाखवायचंय त्यातलं निम्मं तिथेच बुडेल.

शेवटी ११ वर थांबलो. याला पृथ्वीवर आधार आहे. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत डायनोसुकस होता, तो १० मीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा होत असे, आणि त्याच्या दातांच्या खुणा डायनोसॉरांच्या हाडांवर सापडल्या आहेत. आज जिथे नायजरमधलं तेनेरे वाळवंट आहे तिथल्या जुन्या नद्यांत सार्कोसुकस होता. त्याची लांबी आधी साडेअकरा मीटरपर्यंत धरली जायची, नंतरच्या अंदाजांत ती साडेनऊच्या आसपास आली. म्हणजे आमची मगर या दोघांच्या पंगतीत बसते. अद्भुत जगालाही हाडांचा हिशोब लागू झाला तर ते जग जास्त खरं वाटतं, असं माझं ठाम मत आहे.

२६ जानेवारी

अ‍ॅनिमेशन सुरू. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सांगाडा तयार झाला आहे.

मगरीच्या दोन चाली आम्हाला लागतील. एक चिखलावरून पोट घासत सरकण्याची, आणि दुसरी पाय अंगाखाली घेऊन पोट जमिनीपासून उचलून चालण्याची. ही दुसरी चाल पडद्यावर आली तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले. सरपटणारं जनावर उभं राहतं तेव्हा त्याचं खरं वजन कळतं. उड्या मारत धावण्याचीही एक चाल असते. ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्यातली मगर तशी धावते. पण ती हलक्या अंगाच्या जनावरांची, ६ टनांना जमणारी नाही. ती पिल्लांसाठी राखून ठेवली.

पोहताना चारही पाय अंगाला चिकटलेले आणि जोर फक्त शेपटीचा. लाट कमरेपासून सुरू होऊन शेपटीच्या टोकाकडे मोठी होत जाते, डोकं जवळजवळ स्थिर राहतं. डोकं हललं की तो साप दिसतो.

२ फेब्रुवारी

कृष्णाकाठी जाऊन आले. सांगली परिसरात नदीत मगरी आहेत हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. घाटावर धुणं चालू असतं आणि समोरच्या वाळूवर एक मगर पडलेली असते. हिवाळ्यातलं ऊन अंगावर घ्यायला त्या सकाळी बाहेर येतात, म्हणून हे दिवस निवडले.

तासन्‌तास ती हलली नाही. जबडा उघडा, डोळे अर्धे मिटलेले. एक बगळा तिच्या शेपटीजवळून चालत गेला. ज्या नावाड्याने मला नेलं होतं तो म्हणाला, "ताई, ती वाळूवर पडलेली दिसती ना, तवर काय भ्या न्हाई. दिसायची थांबली की मग इचार करायचा."

आमच्या खेळाचा आराखडा या दोन वाक्यांवर उभा करता येईल. बहुतेक खेळांत जनावर दिसलं की संगीत बदलतं, ढोल सुरू होतात. काळवीवर उलटं होईल. धोंडमगर वाळूवर दिसतेय तोवर पाखरं ओरडत राहतील, वारा वाहत राहील. ती जागेवर नसली की काहीही वाजणार नाही. खेळणाऱ्याने स्वतः काठ पाहायचा आणि स्वतःच ओळखायचं.

९ फेब्रुवारी

तिच्या वागण्याचा गाभा लिहून झाला. तीन चल राशी: ऊब, भूक, दम.

ऊब उन्हाने वाढते, सावलीत आणि रात्री घटते. पाठीवरच्या खवल्यांखाली हाडांच्या चकत्या असतात, त्यांत रक्तवाहिन्या असतात, आणि त्यांतून ऊन अंगात शिरतं. अंग जितकं मोठं तितकं ते हळू तापतं आणि हळू निवतं. त्यामुळे काळवीतल्या लहान मगरी संध्याकाळी मंदावतात तेव्हा धोंडमगर अजून पुरती ताजी असते. दिवेलागणीला नदी पार करणं सर्वांत धोक्याचं ठरलं ते यातूनच. आम्ही तसा वेगळा नियम लिहिलेला नाही.

भूक फार हळू वाढते. थंड रक्ताच्या जनावराला अंग तापतं ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून मोठी मगर महिनोन्‌महिने न खाता राहू शकते. खेळात तिने एकदा रेडा धरला की पुढचे कित्येक दिवस ती कुणाकडे बघत नाही. होडीवाल्याला हे कळायला खुणा हव्यात: काठावर ओढल्याच्या रेघा, गिधाडं, फुगलेलं पोट. आणि गावात कुणाचं तरी जनावर हरवल्याची चर्चा. ही शेवटची खूण मला सर्वांत आवडते, कारण ती शोधायला लोकांशी बोलावं लागतं.

दमाविषयी पुढे, खेळवून पाहिल्यावर.

१६ फेब्रुवारी

खेळवून पाहिलं. सगळ्यांची एकच तक्रार: पाठलाग का नाही? माझी भाची होडी वल्हवत सुटली, मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, ती आलीच नाही गं मागे."

येणार नाहीच. मगरीचे स्नायू स्फोटासारखा जोर लावतात, पण तो जोर प्राणवायूविना ओढून आणलेला असतो. थोड्याच वेळात रक्तात आम्ल साचतं, आणि जितकं जनावर मोठं तितकं ते उतरायला जास्त वेळ लागतो. पकडताना फार झुंजलेल्या मोठ्या मगरी नंतर त्या थकव्यानेच दगावल्याची उदाहरणं आहेत. म्हणून धोंडमगरीला एकच झेप आहे. ती हुकली की ती बुडते, लांब कुठेतरी वर येते आणि दम भरून निघेपर्यंत पडून राहते.

यावर आमच्यात दोन मतं राहिली. नकाशेवाल्याच्या मते पाठलागाशिवाय थरार नाही. माझं म्हणणं, पाठलाग सुरू झाला की खेळणाऱ्याला ती कुठे आहे हे माहीत असतं आणि भीती तिथेच ओसरते. हुकलेल्या झेपेनंतरची काही मिनिटं मला हवी आहेत. पाणी सपाट, होडी डोहाच्या मधोमध, आणि वल्हं मारावं की नाही हा प्रश्न. भाचीने दुसऱ्यांदा खेळताना नेमकं तेच केलं, वल्हं आत घेऊन ती प्रवाहाबरोबर वाहत राहिली. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

ज्ञानेंद्रियं. यावर वेळ घालवणं मला मनापासून आवडलं.

मगरीच्या जबड्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. ती स्पर्शेंद्रियं आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्ण अंधारात, अर्ध्या पाण्यात असलेले अ‍ॅलिगेटर (मगरींचे भाऊबंद) पाण्यात पडलेल्या एका थेंबाच्या लाटेकडेही वळले. हे ठिपके झाकले की त्यांना ती कळेना. अ‍ॅलिगेटरला असे ठिपके तोंडावरच असतात, खऱ्या मगरींना अंगभर.

तेव्हा धोंडमगरीला दृष्टीचा शंकू दिला नाही. खेळांमध्ये पहारेकऱ्यांसमोर पंख्यासारखा एक अदृश्य भाग असतो, त्यात पाऊल पडलं की सापडलात. इथे त्याऐवजी पाणीच बातमी नेतं. प्रत्येक वल्ह्यागणिक एक वर्तुळ पसरतं, अंतराबरोबर क्षीण होतं, आणि तिच्यापर्यंत पोहोचलं तेव्हा किती जोर उरलाय त्यावर तिचं वळणं ठरतं. वल्हं सावकाश टाकलं तर लाट लहान. पाऊस कोसळत असला तर पूर्ण डोह लाटांनी भरतो आणि होडी त्यात हरवते. काठावरून कुणी दगड टाकला तर तोंड तिकडे फिरतं. गोदो या खेळ बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे लिहायला सोपं गेलं आणि चालायलाही हलकं आहे, कारण लाटांची खरी गणना होत नाही, फक्त वर्तुळाची त्रिज्या आणि जोर हे दोन आकडे पुढे सरकतात.

रात्री कंदील वर धरला की डोळे निखाऱ्यासारखे तांबडे चमकतात. डोळ्याच्या मागच्या परावर्तक थरामुळे हे होतं, आणि मगरींची रात्रीची गणना करणारे याच चमकेवर मोजतात. दोन डोळ्यांमधलं अंतर पाहून खेळणारा आकार ओळखू शकेल.

३ मार्च

आवाज. मगरी हंबरतात, आणि त्यांच्या आवाजात माणसाला ऐकू न येणारा, २० हर्ट्झच्या खालचा भागही असतो. अ‍ॅलिगेटरचा नर असा आवाज काढतो तेव्हा त्याच्या पाठीवरचं पाणी थेंबाथेंबांनी उडायला लागतं. हे आम्ही जसंच्या तसं घेतलं: आधी पाठीवर थेंब नाचतात, मग आवाज येतो.

अडचण मोबाइलची. त्याच्या छोट्या स्पीकरातून १०० हर्ट्झखालचं फारसं काही बाहेर येत नाही. आमच्या ध्वनिवालीने कानाचा एक गुण वापरला. १००, १५०, २०० हर्ट्झचे सूर एकत्र वाजवले की मेंदू त्यांचा पाया असलेला ५० हर्ट्झचा सूर स्वतः भरून घेतो, स्पीकरमधून तो आलेला नसला तरी. फोनवर हंबरणं ऐकलं. फोन छातीशी धरल्यासारखं वाटलं.

१५ मार्च

जबडा आणि दोर. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरीच्या चाव्याचा जोर १६ हजार न्यूटनच्या वर मोजला गेलाय. तोच जबडा उघडणारे स्नायू मात्र इतके दुबळे की पकडलेल्या मगरींचं तोंड चिकटपट्टीने बंद ठेवतात. होडीवाल्याकडे आता जाड दोराचा फास आहे. तोंड मिटलेलं असतानाच तो टाकता येतो, आणि त्यासाठी हाताच्या अंतरावर जावं लागतं. तलवार, भाला, आगीचे गोळे यांपैकी काहीही नाही.

पकडीत सापडल्यावरची गिरकी मात्र कॅमेऱ्याने पूर्ण दाखवायची नाही. मगर स्वतःच्या अंगाभोवती फिरून लचका तोडते. ते पडद्यावर घुमवलं की काही जणांना मळमळतं. कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागावर स्थिर ठेवला.

२८ मार्च

घरटं. खऱ्या मगरींत सर्वांत मोठे होतात ते नर. आमची धोंडमगर मादी आहे. ही सूट मी जाणूनबुजून घेतली, कारण घरट्याशिवाय तिची गोष्ट अर्धी राहिली असती.

आपल्याकडची मगर उन्हाळ्याच्या तोंडाशी काठावर खड्डा करून अंडी घालते. फुटण्याआधी पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात, आई तो ऐकून वाळू उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. घट्ट चावणारा तोच जबडा. पिल्लू नर होणार की मादी हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. हे आम्ही खेळात मोजत नाही, पण घरट्यावर सावली धरणाऱ्या झाडाची फांदी तोडू नये असं गावातली म्हातारी सांगते, ते यासाठी.

घरट्याच्या दिवसांत तीन राशींचे नियम थांबतात. ती भुकेली नसली तरी घरट्याजवळ आलेल्यावर धावून जाते, आणि त्याआधी फुत्कारून इशारा देते. शिकार करताना मात्र इशारा कधीच नसतो. हा फरक खेळणाऱ्याच्या कानात बसला पाहिजे.

आणखी एक गोष्ट घालायचीच होती. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत मगरी नाकपुडीवर काटक्या घेऊन बगळ्यांच्या वसाहतीखाली पडून राहताना पाहिल्या गेल्या, आणि २०१३ साली ते निरीक्षण प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात अमेरिकेतल्या लुइझियानामधल्या अ‍ॅलिगेटरांत, बगळे घरट्यासाठी काटक्या शोधत असतात तेव्हाच हे जास्त दिसलं. काळवीच्या वरच्या वळणावर बगळ्यांचं झाड आहे. त्याखाली वाहत आलेल्या फांद्यांचा पुंजका आहे. खेळात याबद्दल एकही वाक्य लिहिलेलं नाही.

६ एप्रिल

गावांचं काम. नदीत असं जनावर असताना माणसं सात पिढ्या तिथे का राहिली, याचं उत्तर खेळात दिसायला हवं.

गोव्यात खाजन शेतीच्या काही गावांत पौष अमावास्येला माणगे थापणी होते. बांधाजवळ चिखलाची मगर घडवतात, शिंपल्यांनी तिला सजवतात, तिची पूजा करतात. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली जमीन. त्या पाण्यात मगरी आहेत, बांधावर माणसांचं पोट आहे, आणि दोघांची वस्ती एकाच ठिकाणी आहे. पूजा म्हणजे तिथल्या लोकांनी या शेजाराची ठेवलेली आठवण, असं मला वाटतं. तारास्काँलाही आजच्या काळात टरास्कची मिरवणूक निघतेच.

ती पूजा मी उचलून काळवीत ठेवणार नाही. ती ज्यांची आहे त्यांची आहे. पण तिच्यातून एक गोष्ट शिकले: नदीकाठच्या माणसांना आपलं जनावर बारकाईने माहीत असतं. म्हणून काळवीच्या प्रत्येक गावाला धोंडमगरीबद्दल एकेक गोष्ट ठाऊक आहे, आणि कुठल्याही एका गावाला सगळं ठाऊक नाही. खालच्या गावाला तिची ऊन खाण्याची जागा माहीत आहे, कोळ्यांना तिचा दम, वरच्या गावाला घरटं. होडीवालाच सगळीकडे फिरतो, तेव्हा तुकडे जुळवण्याचं काम त्याचं.

२० एप्रिल

मारता यावी का? सर्वांत लांबलेली चर्चा. नकाशेवाल्याला बक्षीस हवं होतं, कातड्याचं चिलखत, दातांचं शस्त्र.

ठरलं ते असं. मारता येईल. सात गावं एकत्र आणली, सगळे तुकडे जुळवले, तिच्या दमाचा अंदाज घेतला तर ते शक्य आहे, आणि ते करायला खेळणाऱ्याला तिला इतकं ओळखावं लागेल की तो निर्णय हलक्याने होणार नाही. तारास्काँच्या कथेत मार्थाने शांत केलेल्या प्राण्याला गावकरी शेवटी ठार मारतात. आमच्या गावकऱ्यांनाही तो हक्क असावा. त्यांची गुरं गेलीत, कुणाचं माणूसही.

बक्षीस नाही. त्याऐवजी खऱ्या नदीत जे होतं तेच. मोठी मगर आपल्या डोहात दुसऱ्या मोठ्या मगरी टिकू देत नाही, मधल्या वयाच्या मगरींना ती हुसकावून लावत असते. ती गेली की डोह मोकळा होतो. काही दिवसांतच खालून चार-पाच मीटरच्या मगरी वर येतात, जागेसाठी आपसात भांडतात. त्यांची ऊन खायची जागा ठरलेली नाही, शरीर लहान असल्याने भूक जास्त वेळा लागते, आणि गावांना जे ठाऊक होतं त्यातलं काहीही त्यांना लागू होत नाही.

या नव्या मगरींचे आकडे अजून बसवायचे आहेत. ऊब लवकर चढणारी, लवकर उतरणारी. दम लवकर भरून येणारा. जागेसाठीच्या भांडणाचं अ‍ॅनिमेशन पुढच्या आठवड्यात. नकाशेवाल्याला आता खालच्या वळणावर आणखी तीन वाळूचे पट्टे बांधायचे आहेत, आणि या वेळी ते त्याने आपणहून मागितले.